इंजिन कुणी काढलं, अप्पा?

अप्पा, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही मागं सरलो न सरलो तोच तो माडावरून उतरला आणि थेट भातावर बसला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. काका म्हणाला, "बघ बाय, काय इच्छा न्हवती रायली त्याची. समाधानानं गेला." मी मान हलवली. मनात म्हटलं, त्याची राहिली नसेल, माझी राहिली आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि तू कावळ्याकरवी निरोप धाडून मोकळा झालास.

मी रागावलेय तुझ्यावर. हे कुणाला सांगता येत नाही. मेलेल्या माणसावर रागवायचं नसतं, असं आत्या सांगून गेली. रडू येतं तेव्हासुद्धा आधी राग येतो आणि मग रडू, म्हणून मी बाहेर पडवीत जाऊन बसते, तर समोर तुझी आगबोट उभी.

लोक भेटायला येतात आणि आधी तिच्याकडं बघतात. जुनी अमेरिकन मोटार, लांबच लांब अंग, निळ्याचा राखाडी झालेला रंग, खाऱ्या वाऱ्यानं पुरळ उठलेलं क्रोम, मागं विमानासारखे दोन पंख. गावानंच तिला आगबोट म्हणायला सुरुवात केली. कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाही. ते दुसऱ्या कुणी घेतलं की तू उच्चार सुधारायचास, आणि आता सुधारायला तू नाहीस.

तू किहीमच्या एका बंगल्यावर ड्रायव्हर होतास. शेठ वारले, मुलांना गाडी नको होती. ती माडाखाली पडून होती, टपावर नारळ पडून पोचा आला होता. मुलांनी सांगितलं, पाहिजे तर ने. काकाच्या मिठाच्या ट्रकाला दोर बांधून तू तिला नागावपर्यंत ओढत आणलीस. मी तेव्हा मराठी शाळेत होते. डिकीत अमेरिकन मोटार-मासिकांचा गठ्ठा होता, शेठनी वर्षानुवर्षं जमवलेला. तू डिक्शनरी घेऊन ओटीवर तो वाचायला बसलास आणि मला शेजारी बसवलंस. बाकीच्या पोरी इंग्रजीत मांजर आणि चटई शिकल्या, मी कार्बोरेटर शिकले.

तुझी गोष्ट नेहमी एकाच जागी सुरू व्हायची. महायुद्ध संपलंय, अमेरिकेत पैसा आहे, रस्ते सरळ आहेत, पेट्रोल स्वस्त आहे, आणि तिथल्या इंजिनिअरांनी आठ सिलिंडर दोन ओळींत, तिरके, इंग्रजी व्हीसारखे बसवलेत. मग बड्या लोकांची गाडी दर वर्षी लांब होत जाते, क्रोम वाढतं, शेपटीला पंख फुटतात, आणि पुढं इंजिन इतकं मोठं होतं की काकाच्या ट्रकाचं इंजिन त्याच्यापुढं पोरगं दिसावं. इथपर्यंत तू खुशीत असायचास. मग तुझा आवाज उतरायचा. अरबांनी तेल रोखलं, शहरांत धूर कोंडला, सरकारनं नियम आणले, पेट्रोलमधलं शिसं गेलं, आणि गाडी तेवढीच लांब राहून आतली ताकद मात्र वर्षागणिक कमी होत गेली. "पैलवानाला उपास घातला," तू म्हणायचास. त्यानंतरच्या गाड्या आखडलेल्या, इंजिन आडवं बसवलेलं, जोर पुढच्या चाकांना. एक इंजिन तर असं निघालं होतं की ओझं कमी असलं की आठातले चार सिलिंडर आपोआप बंद व्हायचे, आणि ते इतकं अडखळायचं की मालक लोक त्याची वायरच कापून टाकायचे. "आठ बैल जुंपायचे आन मधीच चारांना निजवायचे," तू म्हणायचास आणि खरोखर दुखावल्यासारखा दिसायचास. कुठल्या देशातल्या कुणाच्या तरी गाडीसाठी. गठ्ठा तिथं संपायचा. पुढची गोष्ट मी मोठी झाल्यावर सांगायची, असं आपलं ठरलं होतं.

तू मला या नादाला लावलंस, अप्पा. हे आधी कबूल कर. मी मागितलं नव्हतं.

मग तो दिवस. मी सहावीत होते. बंगल्यावरची नोकरी गेल्यापासून तू आगबोट भाड्यानं चालवायचास. मांडव्याच्या धक्क्यावरून पाहुणे आणायचे, लग्नाच्या दिवसांत नवरानवरी बसवायची. पेट्रोल परवडेना. पोयनाडचा एक मेकॅनिक आला, त्यानं चिंचेच्या फांदीला चेनपुली लावली, आणि आठ सिलिंडरांचं ते इंजिन गाडीतून वर आलं. हवेत लटकत होतं, तेल गळत होतं, झोके घेत होतं. तू पुढं होऊन त्याच्यावर हात ठेवलास, झोका थांबला, तरी हात काढला नाहीस. संध्याकाळी भंगारवाला ते घेऊन गेला. त्याच्या जागी एका टेम्पोचं डिझेल इंजिन बसलं, टेम्पोचाच गिअरबॉक्स बसला, आणि आगबोट ट्रकासारखी धडधडत गेटाबाहेर गेली. जेवताना तू म्हणालास, "या घरात ह्याचा इषय नको." आम्ही काढला नाही. आई नाही, मी नाही. त्या डिझेलवर आपलं घर चाललं, मी शिकले. मला त्याची कधी लाज वाटली नाही. तुला वाटत होती हे मला फार उशिरा कळलं.

पुण्यात त्या अमेरिकन कंपनीच्या ऑफिसात मला नोकरी लागली तेव्हा तू चौलला जाऊन रामेश्वराला नारळ ठेवून आलास. माझं काम म्हणजे इंजिनाला कुठल्या क्षणी किती पेट्रोल द्यायचं ते कॉम्प्युटरमध्ये बसवून द्यायचं. मग मी ठरल्याप्रमाणं तुला पुढची गोष्ट सांगू लागले. दर रविवारी फोन. ॲल्युमिनियमची इंजिनं आली, वॉल्व्ह कॉम्प्युटरच्या हुकमानं उघडू लागले, चार सिलिंडर निजवायची ती जुनी युक्ती आता कुणाला कळतही नाही इतक्या सफाईनं चालू लागली. तू ऐकायचास, मधेच हुंकार द्यायचास. मी सांगितलं की अमेरिकेतले श्रीमंत आता लांब गाडी सोडून उंच, जीपसारख्या गाड्यांत बसतात, आणि जी लांब उरलीय तिच्यात चार सिलिंडर आणि एक टर्बो. तू म्हणालास, "चार? पावण्याला घरात बोलवून अर्धं ताट वाढायचं?"

एकदा मी तुला सांगितलं, की तुझ्या पैलवानाची ताकद तू समजतोस तेवढी उतरलीच नव्हती. आधी ते लोक इंजिन नुसतं टेबलावर ठेवून मोजायचे. पंखा काढलेला, डायनामो काढलेला, सायलेन्सर नाही. नंतर सगळं जोडून मोजू लागले. आकडा घसरला त्यात बराच हात मोजणीचा होता.

"म्हंजे मी येडा," तू म्हणालास.

"तसं नाही म्हणाले."

"तसंच म्हणलीस," आणि फोन ठेवलास.

पुढच्या रविवारी माझ्या आधी तूच फोन केलास. हॅलो नाही, काही नाही. "पंखा पन काढायचे?" मी हो म्हटलं. तू बराच वेळ हसलास. अप्पा, तुझं ते हसणं मला आठवतं तेव्हा राग थोडा वेळ बाजूला होतो. बापाशी असं भांडायला मिळालेली बाई मी आमच्या ऑफिसात दुसरी पाहिली नाही.

मग एका सकाळी आमचा इंजिनांचा विभाग बंद झाला. सगळ्यांना एका खोलीत बोलावून सांगितलं. पुढच्या बड्या गाड्या बॅटरीवर. ज्यांना विजेच्या मोटरवर काम करायचंय त्यांनी थांबावं. मी थांबले. घर आहे, मुलगी शिकतेय, आणि मला दुसरं काही येत नाही. फोनवर सांगायला नको म्हणून मी नागावला आले. तू ओटीवर सुपारी कातरत बसला होतास.

"म्हंजे इंजिन न्हाय," तू म्हणालास.

"मोटर असते."

"मोटर मिक्सरात पन असते."

मी तुला समजावू लागले, धूर नाही, तेल नाही, जोर पहिल्याच क्षणाला पुरा. तू अडकित्ता खाली ठेवलास. "ज्यानं तुला मानूस केलं त्याच्या नरड्यावर पाय देलास," तू म्हणालास. "शेठच्या पोरांनी टाकलेलं मी उचलून आनलं. तू उचललेलं टाकतंस."

तेव्हा मी विचारलं. "आगबोटीचं इंजिन कुणी काढलं, अप्पा?"

आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. तू चपला घातल्यास आणि वाडीत निघून गेलास. जेवायलाही आला नाहीस.

ते वाक्य मी परत घेत नाही. आज तू नाहीस म्हणूनही नाही. पोटासाठी तू काढलंस तो व्यवहार, आणि पोटासाठी मी सोडलं ते पाप, हा कुठला न्याय? तू मला भांडून हरवायला हवं होतंस. निदान शिव्या द्यायच्या होत्यास. त्याऐवजी रविवारचे फोन चालू राहिले आणि तू पावसाबद्दल बोललास. माडाला भुंगा लागलाय. नागावात गर्दी वाढलीय. बरं, ठेवतो. मी तिकडून इंजिन हा शब्द काढला की तू म्हणायचास, "आईला देतो." एकदाच चिडून बोललास, मी बॅटरीच्या गाडीला खोटा इंजिनाचा आवाज देण्याच्या कामावर आहे हे सांगितलं तेव्हा. "म्हंजे मढ्याच्या तोंडात भोंगा," म्हणालास. मला तेवढंही पुरलं. वाटलं, आता सुरू होईल. पण तू परत पावसावर गेलास.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली. ज्या दिवशी आमच्या चाचणीच्या खोलीतलं शेवटचं इंजिन बंद केलं त्या दिवशी मी बाथरूमचं दार लावून रडले. आवाज थांबल्यावर कानात जी पोकळी होते ती दिवसभर गेली नाही. जगात हे ज्याला कळलं असतं असा एकच माणूस होता, आणि त्यानं माझ्याशी त्या विषयावर बोलणं सोडलं होतं. तू एकदा विचारलं असतंस ना, "बाय, तुला कसं वाटलं?" तर मी तिथंच सगळं सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस.

आणि मग तो रविवार. मी माझी बॅटरीची गाडी घेऊन आले होते. ती आंब्याखाली उभी होती, रात्रभर चार्ज झालेली. तू सकाळी आगबोटीखाली पोतं घालून तिच्या बुडाला जळकं ऑइल चोपडत होतास, गंज चढू नये म्हणून. बाहेर आलास तो छाती चोळत. पित्त आहे म्हणालास. आईनं जिऱ्याचं पाणी दिलं. मी म्हटलं, अलिबागला जाऊ, दाखवून येऊ. तू माझ्या गाडीकडं बघितलंस.

"त्या मिक्सरात मना बसवू नको."

"अप्पा, हा हट्टाचा वेळ आहे का?"

"हऱ्याचा टेम्पो येतोय बाजारातनं. त्याच्यासंगं जातो. कायपन झालं न्हाय मना."

आणि तू ओटीवर बसून राहिलास, टेम्पोची वाट बघत. गाडी दहा पावलांवर होती. आई म्हणत होती जा, मी म्हणत होते ऊठ, आणि तू रस्त्याकडं बघत बसला होतास. हे मी विसरत नाही. मला ती तुझी पाठ दिसत राहते. तुझ्या कपाळाला घाम फुटला, ओठ काळे पडू लागले, तेव्हा आम्ही दोघींनी तुला काखेत धरून उचललं. आई मागं बसली, तुझं डोकं तिच्या मांडीवर.

रविवारची गर्दी होती. पर्यटकांच्या गाड्या, मधेच उभे राहून सरबत पिणारी माणसं. मी हॉर्न दाबून धरला होता. नागावच्या पुढं रस्ता जरा मोकळा झाला आणि मी पाय दाबला. तेव्हा मागून तुझा आवाज आला, बारीक.

"चालू हाय का गो?"

"हाय, अप्पा," मी म्हटलं. "चालू हाय."

त्यानंतर तू बोलला नाहीस. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. ते चांगले माणूस आहेत, त्यांना कल्पना नव्हती की ते काय बोलताहेत. आईनं माझ्याकडं बघितलं नाही, मी तिच्याकडं बघितलं नाही.

आता घरी येणारे म्हणतात, भाग्यवान, पोरीच्या गाडीत गेला. कसलं भाग्य? तू त्या गाडीत मरायला बसलास. जगायला बसला नाहीस. आणि जाता जाता मला असा प्रश्न विचारून गेलास की त्याच्यावर मी तुझ्याशी आणखी वीस वर्षं भांडले असते. तुला माहीत आहे का अप्पा, तुझी गोष्ट जिथं सुरू व्हायची त्याच्याही आधी, युद्धाच्या आधी, त्या लोकांनी बड्यांच्या गाड्यांत बारा आणि सोळा सिलिंडर घातले होते. पळण्यासाठी नव्हे. आवाज येऊ नये, थरथर जाणवू नये म्हणून. मागं बसलेल्या माणसानं विचारावं, गाडी चालू आहे का, एवढ्यासाठी. सगळी शर्यत तिकडंच चालली होती. तुझ्या आठ सिलिंडरांचीसुद्धा. मी तुला हे सांगितलं असतं, तू म्हणाला असतास, "काय पन सांगू नको," आणि आपण अलिबाग येईपर्यंत भांडलो असतो. माझं उत्तर तयार होतं. ऐकायला तू थांबला नाहीस.

सुतकाच्या दिवसांतच एक रिसॉर्टवाला आला. आगबोट पाहिजे म्हणाला, हिरवळीवर ठेवायला, लोक फोटो काढतील. "आतलं इंजिन नसलं तरी चालेल," तो म्हणाला. मी उठून उभी राहिले. काय बोलले असते कुणास ठाऊक. आईनं माझा हात धरून खाली बसवलं आणि त्याला म्हणाली, "दिवस व्हायचेत अजून. चाय घे आन जा." तो चहा पिऊन गेला.

आईबद्दलच सांगायचं आहे. तेरावं झालं, पाहुणे गेले. मला परत पुण्याला निघायचं होतं, मी गाडीत बॅग ठेवत होते. आई पदराला हात पुसत आली. माझ्या गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून वाकून आत बघू लागली.

"ह्याला क्लच न्हाय ना?"

"नाही."

"आगबोटीला पन न्हवता," ती म्हणाली. "आली तवा."

तिनं शांतपणे सांगितलं, भाजी निवडताना सांगावं तसं. आगबोट घरी आली, तू ती दुरुस्त करून चालू केलीस, त्या दिवसांत ती तुला म्हणाली होती, मना पन शिकवा. आणि तू म्हणालास, क्लच जड हाय, बाईच्या पायाला झेपायचा न्हाय. ती नंतर दुपारी एकटी जाऊन बघून आली. खाली दोनच पेडल होती. एक पळायचं, एक थांबायचं.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय? त्याला ती एकट्याला पायजे होती."

अप्पा, आपोआप बदलणारा गिअर ही त्या लोकांची किती मोठी गोष्ट होती हे मला कुणी शिकवलं? तूच. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवलेस, एक चालू केलास, वाऱ्यानं दुसरा फिरू लागला. म्हणालास, "बघ बाय, मधी कायच न्हाय, नुसता जोर जातो. आता कुनीपन गाडी चालवू शकतो." मी टाळ्या वाजवल्या होत्या. आई तेव्हा तिथंच होती, चुलीपाशी. कुणीपण म्हणजे कोण, हे मी तेव्हा विचारलं नाही. सहा-सात वर्षांची होते. तू मात्र मोठा होतास.

मी बॅग परत घरात नेली. आम्ही खारात गेलो, जुन्या मिठागराच्या जागेवर जिथं पोरं क्रिकेट खेळतात. भर दुपार होती, कुणी नव्हतं, चार बकऱ्या तेवढ्या. आई ड्रायव्हरच्या जागेवर बसली, पदर कमरेला खोचला, चप्पल काढून बाहेर ठेवली. मी तिला एवढंच सांगितलं, हे पळायचं, हे थांबायचं. तिनं पाय ठेवला आणि गाडी निघाली. पहिल्यांदा जरा दचकून, मग सरळ. बकऱ्या उठून बाजूला झाल्या. तिनं मैदानाच्या टोकाशी जाऊन मोठा वळसा घेतला, मग आणखी एक, थोडा जोरात. मी शेजारी होते, हात हँडब्रेककडं नेला होता, तो परत मांडीवर ठेवला. ती रस्त्याकडं बघावं तशी समोर बघत होती.

मग तिनं गाडी थांबवली. दोन्ही हात स्टेअरिंगवरच होते.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढंच होतं?"

मला वाटलं ती रडेल. मी तिच्याकडं वळले. ती रडत नव्हती, अप्पा. तिचा जबडा घट्ट मिटलेला होता. मी इतके दिवस समजत होते की या घरात तुझ्यावर रागावलेली मी एकटीच आहे. तिचा राग माझ्यापेक्षा कितीतरी जुना निघाला, आणि तिनं तो कधी कुणाला दाखवलाही नव्हता.

"चप्पल घे आत," ती म्हणाली. "घरी मी नेते."